वेरुन्काचं गाणं

वेरुन्काचा डावा पाय आखूड होता. शेळ्यांमागे जाताना ती स्वतःच रचलेलं एक गाणं गुणगुणायची आणि तिच्या चालीसारखंच तेही दर ओळीच्या शेवटी अडखळायचं. नवव्या वर्षी घशाच्या साथीत ती गेली. तिच्या आईला, अपोलेनाला दुसरं मूल नव्हतं, लेकीची तसबीरही नव्हती. उरलं ते एवढं गाणं. रोज उशांसाठी हंसाची पिसं सोलता सोलता ती ते एकदा, सावकाश म्हणायची.

गावचे मास्तर वान्हारा रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि कार्निव्हल आला की नाचाच्या चाली जुळवायचे. त्या वर्षी त्यांना नवी पोल्का काही केल्या सुचेना. अपोलेनाच्या खिडकीखालून जाताना त्यांचे पाय थबकले.

"अपोलेनाबाई, हे मला द्या. वर पोरीचं नाव घालतो. प्रागपर्यंत जाईल ती!"

"प्रागला? अहो, तिला नदीपर्यंत जाताना धाप लागायची!" अपोलेना हसली, मग रडली आणि तिने गाणं देऊन टाकलं.

नाचाच्या दिवशी ती नवा रुमाल बांधून भिंतीशी बसली. मास्तरांनी चाल दुप्पट वेगाची केली होती, आणि जिथे गाणं अडखळायचं तिथे आता एका पायावर उडी होती. खाटकीण उडत होती, पाटील उडत होता, वेरुन्काला चिडवणारी पोरंही उडत होती. कुणी तिची नक्कल करत नव्हतं, तिची आठवणच कुणाला नव्हती, म्हणून कुणावर रागावताही येईना. "पुन्हा! पुन्हा!" लोकांनी चारदा वाजवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पिसं सोलताना अपोलेनाने तोंड उघडलं, तर पोल्काच बाहेर आली. तिने ताल धरणारा गुडघा दाबून धरला, दम घेतला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. आठवडाभर तेच.

शेवटी ती शाळेत गेली. "मास्तर, माझं गाणं बिघडलंय. आधीचं वाजवून दाखवा."

मास्तर ओशाळले. त्यांनी व्हायोलिन काढलं, डोळे मिटले आणि अगदी संथ वाजवलं.

"असंच होतं ना हो?"

अपोलेनाने पुष्कळ आठवून पाहिलं. तिला सांगता येईना.

"हो," ती म्हणाली, "असंच." मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून.