मधला आधार

मित्रांनो, मी एक जुनी पितळी दांडी आहे, पडद्याची. जन्माची भित्री आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मला उंचीची भीती वाटते. हसा खुशाल! जिला सारे आयुष्य भिंतीवर सात फुटांवर काढायचे, तिनेच खाली बघायला घाबरायचे, म्हणजे कमालच झाली. पण माझी भीती उगाच नव्हती. एकदा ती खरी ठरलीच.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमधल्या एका कारखान्यात झाला. मी आतून पोकळ आहे आणि अंगाने अंगठ्याएवढीच जाड. करवतीने माझे टोक कापले तेव्हा मी थरथरले, आणि पॉलिशचे चाक अंगावरून फिरले तेव्हा तर माझी गाळण उडाली. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने मला डोळ्यासमोर आडवे धरले, एक डोळा मिटला आणि टोकापासून टोकापर्यंत न्याहाळले. "सरळ आहे," तो शेजारच्याला म्हणाला, "पण नाजूक आहे. हिच्यावर जड काही घालू नये कुणी." एवढी एक गोष्ट मी पक्की लक्षात ठेवली. इतरांच्या लक्षात ती राहील की नाही, याची काळजी मला तेव्हापासूनच लागली.

मग मी दुकानात आले. तिथे आम्ही वीसपंचवीस जणी कोपऱ्यात उभ्या होतो. जाडजूड लाकडी दांड्या होत्या, त्या मोठमोठ्या कपाटांच्या आणि वजनदार पलंगांच्या खोल्यांत जायच्या. टोकांना वेलबुट्टीची वळणे असलेल्या काळ्या लोखंडी होत्या, त्यांना दगडी फरशीच्या खोल्या शोभायच्या. स्टीलच्या सडपातळ दांड्या कचेऱ्यांत नाहीतर नव्या कोऱ्या घरांत जायच्या. दुकानदार गळ्यात मापाची टेप घालून फिरायचा. गिऱ्हाइकाने दांडीला हात लावला की तो म्हणायचा, "थांबा, थांबा. आधी सांगा, खोलीत काय काय आहे? कापड कुठलं घेणार? खिडकी किती रुंद?" कापडाचा तुकडा आणला असेल, तर तो तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचा. लोकांना त्याचा कंटाळा यायचा. मला मात्र तो माणूस फार आवडायचा.

एके दिवशी एक बाई आल्या. त्यांनी पर्समधून एक पितळी मूठ काढली. घरच्या कपाटाची मूठ त्या चक्क स्क्रू काढून घेऊन आल्या होत्या! "याला शोभेल असं दाखवा," त्या म्हणाल्या. त्यांनी ती मूठ माझ्याशेजारी धरली आणि रंग असा जुळला, की मी त्या मुठीची सख्खी बहीणच वाटावी. त्यांचे कापड होते पांढरे, झिरझिरीत. दुकानदाराने ते तळहातावर घेतले आणि मान डोलावली. माझ्या दोन टोकांसाठी बाईंनी लिंबाएवढे दोन भरीव पितळी गोळे निवडले. दिसायला सुंदर होते, पण बसवले तेव्हा त्यांच्या वजनाने मला धडकीच भरली.

"खिडकी आठ फुटांची आहे," दुकानदाराने बजावले. "हे तीन ब्रॅकेट. दोन कडेला, एक मध्ये. मधला विसरू नका हं, ताई."

ताई विसरल्या नाहीत. त्यांनी तो जाणूनबुजून लावला नाही. त्यांना खिडकीला एकच लांब पडदा हवा होता, एका बाजूला गोळा होणारा. मधे ब्रॅकेट आला की पडद्याच्या कड्या तिथे अडतात. म्हणून मधला ब्रॅकेट पाकिटासकट स्वयंपाकघरातल्या खणात गेला, जुन्या किल्ल्या आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी.

फिटिंगवाल्याने डावीकडे भिंतीवर टकटक केले आणि तो थबकला. "इथं जुनं भोक बुजवलंय. दोन बोटं पलीकडे घेऊ का?"

"नको हो, मग दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत."

"पडदा हलकाच आहे ना? मग राहील," असे म्हणून त्याने त्याच भुसभुशीत जागी ड्रिल मारले, भोकात स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली आणि स्क्रू पिळले. उजवा ब्रॅकेट विटेत घट्ट बसला. डावा जुने भोक बुजवलेल्या नुसत्या पुट्टीत बसला. हे त्या घरात फक्त मला कळले, आणि मला तोंड नाही.

तरी सुरुवातीची पाचसहा वर्षे बरी गेली. पांढरा पडदा वाऱ्याने फुगायचा, माझ्या कड्या किणकिणायच्या. पाहुणे म्हणायचे, "काय छान शोभते हो ही दांडी! खोलीला अगदी साजेशी." ताई आठवड्यातून एकदा स्टुलावर चढून मला लिंबूमिठाने घासायच्या. त्यांची रांगती मुलगी त्या स्टुलाला धरून उभी राहायला शिकली. सतत काहीतरी ओढत नेत असायची, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. पुढे घासणे मागे पडले, मी काळवंडले. त्याचे मला फारसे दुःख नव्हते. मला कुणी विसरले, तरी चालेल, फक्त जड काही घालू नये, एवढेच माझे मागणे होते.

मग रस्त्यापलीकडे एक काचेची इमारत उभी राहिली. दुपारभर तिच्यावरून ऊन उलटून थेट आमच्या खोलीत येऊ लागले. सोफ्याचा रंग उडाला, डोळे उघडवेनात. मुंगीच्या बाबांनी आपल्या धाकट्या बहिणीला फोन केला. मुंगीची ही आत्या दुसऱ्या गावी राहून पडदे शिवण्याचे काम करायची. ती म्हणाली, अस्तर लावलेली मखमल लागेल, दोन भागांत शिवते. मग तिने विचारले, "दादा, दांडीला आधार किती आहेत?"

बाबांनी फोन कानाशी धरूनच आत आवाज दिला, "अगं, आपल्या दांडीला ब्रॅकेट किती?"

"तीन दिलेत दुकानदारानं!" स्वयंपाकघरातून उत्तर आले.

"तीन आहेत," बाबांनी फोनमध्ये सांगितले.

मित्रांनो, यात कुणीही खोटे बोलले नाही. पण वर लटकल्या लटकल्या ते ऐकताना मला खणात पडलेला तो मधला ब्रॅकेट आठवत होता.

मखमल आली. गडद निळी, अस्तराची, खाली वजनाच्या पट्ट्या शिवलेली. बाबा दोन्ही पडदे खांद्यावर घेऊन शिडी चढले, तेव्हा त्यांनाच धाप लागली होती. ते सारे ओझे माझ्यावर आले आणि मी वाकले. आता पडदे दोन होते, मधोमध उघडणारे. मधला ब्रॅकेट लावायला आता कसलीच आडकाठी नव्हती, पण त्याची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

खिडकीखाली एक लाकडी बाक होता. सहा वर्षांची मुंगी तिथे बसून चित्रे काढायची. तिचे डोके डाव्या गोळ्याच्या बरोबर खाली यायचे. वरून मला तिचा भांग दिसायचा, आणि त्या भांगाकडे बघता बघता माझा जीव टांगणीला लागायचा. पडण्याची भीती मला आयुष्यभर वाटली. पण आता मी पडले तर मला काय होईल, हा प्रश्नच उरला नव्हता. तो भरीव गोळा कुठे पडेल, एवढाच प्रश्न होता.

डाव्या गिट्टीभोवतीची पुट्टी झिजू लागली. रोज चिमूटभर पांढरी भुकटी तिच्या चित्रावर पडायची. मुंगीला मजा वाटायची. तिने रंगपेटीच्या झाकणात ती गोळा केली आणि आईला दाखवली. "आई, बघ, भिंतीचं पीठ!"

"पंख्याची धूळ असेल गं," आई म्हणाली आणि तिने फडक्याने बाक पुसला.

मी ओरडू शकत नव्हते. मग मी एक केले. इतके दिवस मी अंग ताठ धरून होते, ते सोडले. मी मधे आणखी वाकले. त्यामुळे पडदे कडेला सारले, तरी कड्या घसरत पुन्हा मधोमध येऊ लागल्या. वाटले, आता तरी कुणीतरी वर बघेल. बाबांनी पडदे दोरीने बांधून टाकले आणि बहिणीला फोन लावला. "तुझ्या पडद्यात काहीतरी चुकलंय. उघडे राहतच नाहीत."

"माझ्या पडद्यात?" तिकडून असा आवाज आला, की तो मलासुद्धा ऐकू आला. "रविवारी येते आणि बघतेच काय चुकलंय ते."

रविवारी दुपारी बाबा आणि मुंगी लपाछपी खेळत होते. या खेळात बाबांचा एक हट्ट असे. ते कधीही हार मानत नसत, आणि त्यांनी "हरलो" म्हटल्याशिवाय मुंगी लपलेल्या जागेतून बाहेर येत नसे. बाबा स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून आकडे मोजत होते. मुंगी धावत आली, बाकावर चढली, डाव्या पडद्यामागे शिरली आणि तिने मखमल दोन्ही मुठींनी अंगाभोवती गच्च ओढून घेतली.

डाव्या ब्रॅकेटचा वरचा स्क्रू बोटाच्या पेराएवढा बाहेर आला. माझी तर पाचावर धारण बसली.

तेवढ्यात आत्या दारात आली. तिच्या धंद्याची सवयच अशी, की कुणाच्याही घरी गेली तरी ती माणसांच्या आधी खिडकीकडे बघते. तिने वर बघितले. डावीकडे एक. उजवीकडे एक. मधे काहीच नाही. मग तिला भिंतीपासून सुटलेला ब्रॅकेट दिसला, आणि पडद्याखाली बाकावर टेकलेली पायांची दहा छोटी बोटे दिसली. तिच्या हातातली पिशवी खाली गळाली.

आत्या बुटकी होती, तिचा हात माझ्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. ती हळूच पुढे आली. "मुंगी, पडदा सोड बरं. न ओढता सोड आणि बाहेर ये."

"शू! सांगू नकोस ना, आत्या!" मुंगी कुजबुजली आणि तिने पडदा आणखीच आवळला.

"अगं, बाबा हरला."

"बाबा कधीच हरत नाही. त्यालाच म्हणू दे."

आणि बाबा आले! चवड्यांवर, हसत, दोन्ही हात पसरून. पडद्यासकट मुलीला मिठी मारायची, हा त्यांचा नेहमीचा डाव होता. मित्रांनो, त्या एका मिठीने सारे संपले असते. आत्याने त्यांचे मनगट पकडले आणि वर बोट दाखवले. बाबांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

"हरलो," ते म्हणाले. ते पुटपुटल्यासारखेच झाले.

"मोठ्यानं!" पडदा म्हणाला.

"हरलो गं बाई, मी हरलो!"

मुंगीने दोन्ही मुठी सोडल्या आणि टुणकन उडी मारून ती बाहेर धावली. बाबांनी तिला उचलले आणि ते तसेच मागे मागे सरकत दारापर्यंत गेले. ते दारात पोहोचेपर्यंत मी धरून होते. कशी, ते मला आजही सांगता येणार नाही. मग गिट्टी निसटली आणि मी पडले. डावा गोळा बाकावर आदळला, जिथे ती उभी होती, अगदी तिथेच.

आवाज ऐकून आई धावत आली. तिने बाकाला पडलेला खड्डा बघितला, मग भिंतीतली दोन भोके बघितली. कुणी काही सांगायच्या आधीच ती मागे वळली, खण उघडला आणि न फोडलेले पाकीट घेऊन आली. "मीच ठेवला होता," ती म्हणाली आणि तिने ते पाकीट बाकावरच्या खड्ड्याशेजारी ठेवले. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी तरी कुठे नीट विचारलं? लावलेत किती, असं विचारायला हवं होतं."

"पण जिंकले तर मीच ना?" मुंगीने विचारले.

"तूच जिंकलीस," बाबा म्हणाले आणि त्यांनी तिला बराच वेळ खाली उतरवले नाही.

त्या खिडकीला आता जाड लाकडी दांडी आहे. कपाटाच्या मुठीशी तिचा रंग जुळत नाही, पण तिला तीन आधार आहेत, तिन्ही विटेत. मला भंगारात घालतील म्हणून मी घाबरले होते. पण आत्याने माझा वाकलेला भाग कापून टाकला. उरले तीन फूट. आता मी मुंगीच्या पुस्तकांच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीवर असते, हलका सुती पडदा धरून. ते गोळे मला परत बसवले नाहीत. बाकावरचा खड्डा मात्र तसाच आहे. सुताराने बुजवू का म्हणून विचारले, तेव्हा आई नको म्हणाली.

मित्रांनो, आम्हाला जरूर निवडा. खोलीला शोभेलशी निवडा, मुठीशी रंग जुळवा, आम्हालाही ते आवडते. पण कापड आधी हातावर तोलून बघा आणि पाकिटातले सगळे भिंतीवर गेले का, ते मोजा. भिंतीचे पीठ पडू लागले, तर ते पुसण्याआधी एकदा मान वर करा. आम्ही सांगत असतो, पण आम्हाला वाकूनच सांगता येते.

मला बसवायच्या दिवशी ब्रॅकेट घ्यायला आई पुन्हा त्याच दुकानात गेली. घरी येऊन तिने फिटिंगवाल्याच्या हातात पुडी दिली. त्याने ती उघडली आणि तो हसला. "ताई, तीन फुटांच्या दांडीला तीन ब्रॅकेट? मधल्यापाशी पडदा अडकेल तुमचा."

"अडकू दे," आई म्हणाली.

अजूनही मला उंचीची भीती वाटते. पडदा अर्ध्यावर येऊन अडतो आणि उरलेल्या अर्ध्या खिडकीतून दुपारचे ऊन थेट आत येते. मुंगी पुस्तक उचलते आणि सावलीकडे सरकून बसते.