हिरवे झेंडे, आठवी लेन

पाठीवर पोहणारा माणूस हाच या भूतलावरचा एकमेव खरा श्रद्धावान होय. तो जातो एकीकडे, बघतो छताकडे, भिंत येते डोक्यामागून, आणि तरीही तो हात आखडत नाही. एवढा भरवसा भल्याभल्या तत्त्वज्ञांनाही जमलेला नाही.

हा थोर विचार मास्तरांना सुचला तेव्हा ते दोन्ही हात वर करून उभे होते, आणि गेटवरचा रखवालदार त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशातून कात्री बाहेर ओढत होता.

"ही काय भानगड आहे?"

"कात्री."

"ते दिसतंय. आत कशाला हवी?"

कात्री कशाला हवी, असं त्यांना आयुष्यात कुणी विचारलंच नव्हतं. शिंप्याच्या खिशात कात्री असते, जशी रखवालदाराच्या चेहऱ्यावर शंका असते.

"आतमध्ये धागा-बिगा तोडायचा झाला तर?" ते म्हणाले.

"दातांनी तोडा."

एरवी मास्तर दातांनीच तोडत. त्यावरून बायकोने संसारभर त्यांच्या कानाशी भुणभुण केली होती. "दात आहेत की अवजार? एक दिवस कवळी गिऱ्हाइकाच्या बाहीत सापडेल." शेवटी तिनेच ही छोटी कात्री आणून त्यांच्या खिशात कोंबली होती. या हिवाळ्यात बायको गेली, आणि त्यानंतर मास्तरांनी एकही धागा दातांनी तोडलेला नव्हता. रखवालदाराला हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने कात्री एका ट्रेमध्ये टाकली आणि हातातली पिशवी उघडायला लावली.

पिशवीत दोरी होती आणि दोरीला ओळीने शिवलेले तिकोनी झेंडे. हिरवे, पांढऱ्या फुलाफुलांचे, उन्हाने विटलेले.

"हे कुठल्या देशाचे?"

"घरचे," मास्तर म्हणाले.

"बांधायचे तर कठड्याला बांधा. मागच्यांच्या डोळ्यांसमोर नाचवू नका," असं बजावून त्याने त्यांना आत सोडलं.

आत आंतरराष्ट्रीय जलतरण स्पर्धेतली बायकांची शंभर मीटर बॅकस्ट्रोकची अंतिम शर्यत होती, आणि तिच्यात मास्तरांची मुलगी होती. तिला घरात बेडकी म्हणत. बेडूक पाठीवर पोहत नाही हे सर्वांना ठाऊक होतं, पण लाडाची नावं ठेवताना कुणी प्राणिशास्त्राचं पुस्तक उघडून बसत नाही. बेडकीची ही शेवटची शर्यत होती. खांदा आता पुरे म्हणत होता. पदक मिळालं तर आज, नाहीतर मग नाहीच.

तिच्या प्रत्येक शर्यतीला आई जायची. मास्तर कधीच नाही. एक तर दुकान, आणि दुसरं म्हणजे पोरगी पाण्यात असली की त्यांचा श्वास अडकायचा, तो ती बाहेर येईपर्यंत सुटायचा नाही. आई मात्र शेवटच्या भिंतीजवळची खुर्ची धरायची. आता ती खुर्ची रिकामी राहणार, हे मास्तरांना काही केल्या सहन होईना. मायलेकींचं एकमेकींशी सतत बोलणं चालायचं. बापलेकींचं हिवाळ्यापासून 'जेवलीस का', 'जेवले', 'तुम्ही?', 'मीपण' एवढ्यावर भागत होतं. आईची आठवण दोघांच्याही घशात होती, पण आधी तोंड कुणी उघडायचं यावर घोडं अडलं होतं. म्हणून त्यांनी शाळेच्या गणवेशांचं काम शेजारच्या दुकानावर ढकललं, माळ्यावरची पेटी उघडली आणि झेंडे काढले.

त्या झेंड्यांची गोष्ट अशी. बेडकी लहान असताना गावच्या तलावावर झेंड्यांची दोरीच नव्हती. पाठीवर पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. भिंतीच्या पाच मीटर आधी पाण्यावर आडवी बांधलेली झेंड्यांची दोरी तेवढी दिसते. ती डोळ्यांवरून गेली की हात मोजायचे आणि भिंत धरायची. दोरी नसल्यामुळे बेडकी भिंत डोक्याने मोजायची. तिसऱ्या टेंगळाला आईने कपाट उघडलं. दुकानात कापडाचे ढीग होते, पण ते गिऱ्हाइकांचे. तिने स्वतःचा एकुलता एक ठेवणीतला हिरवा ड्रेस मास्तरांपुढे टाकला आणि म्हणाली, "काप." मास्तरांनी आपल्या दीड मीटरच्या टेपने, ओल्या फरशीवर पालथं पडून, तलावाचा पायजमा शिवायचा असल्यासारखं पाच मीटर अंतर मोजलं आणि दोरी बांधली. हिरवं दिसलं की चार हात, पाचवा भिंतीला. बेडकी हे पाढ्यासारखं घोकत मोठी झाली.

मास्तरांची खुर्ची पहिल्या रांगेत, आठव्या लेनला अगदी लागून होती, आणि बेडकी आठव्याच लेनमध्ये होती. त्यांनी कठड्याला झेंडे बांधले. शिंप्याची गाठ, पक्की. पाण्यावरची खरी, रंगीबेरंगी दोरी तिथून दोन-अडीच मीटर पुढे, भिंतीच्या बाजूला होती. तिच्याकडे मास्तरांनी पाहिलंही. छान शिवलीय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

शेजारी दुर्बीण घेतलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते सगळं सांगत होते.

"आठवी लेन म्हणजे कशीबशी आत आलेली. तिच्याकडे बघू नका."

"ती माझी मुलगी आहे," मास्तर म्हणाले.

"मग बघा," गृहस्थांनी मोठ्या मनाने परवानगी दिली.

बेडकी बाहेर आली. तिने प्रेक्षकांकडे मान वळवली नाही. पाण्यात उतरण्याआधी ती कधीच कुणाकडे बघत नसे. मास्तरांनी हात वर केला होता, तो हळूच खाली घेऊन डोकं खाजवलं.

भोंगा वाजला आणि मास्तरांचा श्वास नेहमीप्रमाणे अडकला. पहिल्या फेरीत बेडकी सहावी. पलीकडची भिंत लाथाडून फिरली तेव्हा पाचवी. परत येताना तिचे हात असे फिरू लागले की गृहस्थांनी दुर्बीण खाली ठेवून डोळ्यांनीच पाहायला सुरुवात केली.

"अहो, ही चौथी आली! तिसरी! ओ साहेब, तुमची मुलगी तिसरी चाललीय! ओरडा की!"

मास्तर ओरडले नाहीत. श्वासच नव्हता. ती जवळ आली. तिचा चेहरा पाण्याबाहेर, छताकडे. मग तिची नजर किंचित बाजूला सरकली, कठड्याकडे, हिरव्याकडे. तिने पाहिलं. मास्तरांना आतून भरून आलं. दिसलं पोरीला! आई आलीय हे कळलं तिला!

एक, दोन, तीन, चार. आणि पाचवा हात तिने मान मागे टाकून, सगळं अंग ताणून, भिंतीला घातला.

भिंत तिथे नव्हती.

तिच्या बोटांनी पाणी धरलं. क्षणभर ती तशीच ताणलेली राहिली, पुढचा हात मारावा की नाही या घोटाळ्यात. मग घाईघाईने आणखी एक हात मारला. तेवढ्यात शेजारच्या लेनमधली भिंतीला पोचली होती.

फलकावर बेडकी चौथी होती. नखाएवढ्या फरकाने.

"च्, च्, घाई केली पोरीने," गृहस्थ हळहळले. "भिंत यायच्या आधीच भिंत धरली. एवढ्या मोठ्या पोहणारीने मोजायला चुकावं?"

मास्तरांनी खाली कठड्याकडे पाहिलं. मग पुढे, पाण्यावरच्या खऱ्या दोरीकडे. मग पुन्हा खाली. आयुष्यभर मापं घेतलेल्या माणसाला त्या दोन दोऱ्यांमधलं अंतर टेपशिवाय कळलं.

लोक उठून गेले. मास्तर झेंडे सोडायला बसले, पण गाठ सुटेना. नखं लागेनात. दात होते, पण त्यांनी ते लावले नाहीत.

माणसं पांगल्यावर बेडकी वर आली. केस ओले, अंगावर संघाचं जाकीट. ती शेजारच्या खुर्चीत धपकन बसली. तिने गाठीकडे पाहिलं.

"तुम्ही बांधलेत?"

"हो."

"मला वाटलं, आपलाच तलाव आला."

"माझ्यामुळे गेलं गं तुझं."

ती नाही म्हणाली नाही. खोटं बोलणं तिला आईसारखंच जमत नसे.

"हो, गेलं," ती म्हणाली. "डोक्याला कळत होतं बाबा, की हे इथले झेंडे नाहीत. हातांना कळलं नाही. हिरवं दिसलं आणि ते मोजायलाच लागले."

"कोचसरांना काय सांगितलंस?"

"मोजायला चुकले, म्हटलं."

"खरं सांगायचंस. म्हाताऱ्याने घोळ घातला म्हणून."

"काय सांगू? आईचा ड्रेस मध्ये आला?"

मास्तरांचा अडकलेला श्वास आत्ता सुटला, आणि त्याबरोबर हिवाळ्यापासून आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं. ते रुमाल शोधू लागले. सापडेना, म्हणून त्यांनी एका हिरव्या झेंड्याने डोळे पुसले. बेडकीने दुसरा झेंडा घेतला. नाक तिने त्यातच शिंकरलं.

"ती असती तर काय म्हणाली असती?" मास्तरांनी विचारलं.

"मला म्हणाली असती, गाढव आहेस. तुम्हाला म्हणाली असती, निदान इस्त्री तरी करून आणायचे."

मास्तर हसले, आणि हसता हसता पुन्हा रडले. खाली कुणीतरी खरी दोरी सोडून गुंडाळत होतं. पाणी सपाट झालं होतं, जणू त्यात कधी कुणी उतरलंच नव्हतं. पुन्हा ही पोरगी कुठल्या भिंतीला हात लावायला धावणार नव्हती, आणि भिंतीजवळच्या खुर्चीत कुणी बसणारही नव्हतं. मास्तरांना वाटलं, आता काहीतरी मोठं बोलायला हवं. बापाने अशा वेळी बोलायचं असतं. ते शब्द जुळवू लागले.

"बाबा," बेडकी मान वाकवून म्हणाली, "या जाकिटाचं मानेजवळचं लेबल सकाळपासून टोचतंय. माझा हात वर जात नाही. कापून द्या ना."

"कात्री गेटवर ठेवून घेतलीय."

"मग दातांनी तोडा. आता ओरडायला कोण आहे?"