यंत्राने ठरवलेली ताजी हवा

आईला गारठा बाधू नये म्हणून तिच्या खोलीची खिडकी कित्येक आठवडे उघडलीच नव्हती. तिची शुश्रूषा करणारी ताई सारखी म्हणे, "डोकं जड होतं रे." हवेचा अभ्यासक असलेल्या धाकट्या भावाने तिथे कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र ठेवले होते. आकडा निर्दोष होता.

"हवा उत्तम आहे, ताई. मनाचे खेळ आहेत तुझ्या."

"हो बाबा, यंत्र शहाणं, मीच तेवढी खुळी!"

आज ताईला भोवळ आली, तेव्हा त्याने नाइलाजाने खिडकी उघडली. आकडा घसरत बाहेरच्या हवेच्या पातळीखाली गेला. हे अशक्य होते. मग त्याच्या लक्षात आले. आठवड्यातली सर्वांत कमी नोंद ताज्या हवेची, असे मानून ते यंत्र स्वतःला जुळवून घेई. बंद खोलीत त्याने कोंदट हवेलाच ताजी ठरवले होते. यंत्राची ही खोड तो स्वतः विद्यार्थ्यांना समजावून सांगत असे.

"ताई, तुझंच खरं होतं."

ती भिंतीला टेकून बसली होती. "आणि आई दिवसभर गुंगीत असते, ते? तू तर वयावर ढकललंस."

त्याने आईकडे पाहिले. इतक्या आठवड्यांतले विश्वास ठेवावा असे एकही मोजमाप त्याच्याजवळ नव्हते.