राणीच्या नावाची सोडचिठ्ठी

शुक्रवारी दुपारी उल्का डच राजधानीतल्या बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळत होती. सातवा महिना होता. नवरा नथान सारखा कालथा मागत होता. मूळचं हे अलिबागकडचं बेने इस्रायल कुटुंब.

बेल वाजली. उल्काचा पहिला नवरा एलिझर आणि त्याचे मोझेसकाका दारात होते. इथल्या मराठी ज्यूंमध्ये काका धर्मशास्त्राचे जाणकार समजले जात. तीन वर्षांपूर्वी उल्काची सोडचिठ्ठी त्यांनीच लिहिली होती.

"उल्का, ती सोडचिठ्ठी रद्द आहे," काका बसता बसता म्हणाले. "तारखेत राणीचं साल पडलंय."

जगभर ज्यू सोडचिठ्ठीत सृष्टीच्या आरंभापासूनचं साल घालतात. काकांना ते फार सोपं वाटलं होतं. ज्या राज्यात राहतो त्याच्या राजाच्या कारकिर्दीचं साल घालावं, हा तालमुद या धर्मग्रंथातला जुना नियम त्यांनी शोधून काढला. ज्या दुपारी ते लिहीत होते, त्याच सकाळी राणीने गादी सोडली होती. खाली रस्त्यावर अख्खं शहर नारिंगी कपडे घालून नव्या राजासाठी नाचत होतं. त्या गोंगाटाने अक्षर बिघडू नये म्हणून काकांनी खिडकी लावून घेतली होती.

"चूक तुमची ना?" उल्काने विचारलं.

"कोणाची का असेना. परक्या किंवा संपलेल्या राजवटीचं साल पडलं की बाईने दोन्ही नवरे सोडायचे. मूल अनौरस. दहा पिढ्या त्याला आपल्यात सोयरीक नाही."

"आणि लिहिणाऱ्याने काय सोडायचं?"

"त्याचा काय संबंध?" काकांना खरोखरच नवल वाटलं.

"एलिझर, त्याच कागदावर तूही दुसरं लग्न केलंस. तुझा मुलगा?"

"पुरुषाचं वेगळं असतं गं," एलिझर समजुतीने म्हणाला. "मी नवीन लिहून देतो ना. आधी याच्यापासून सुटून ये."

नथान हळूच म्हणाला, "उल्का, वाद नको. काही दिवस वेगळे राहू. कागद झाला की..."

"मी कुठेही जाणार नाही. काका, उद्या हे सगळ्यांसमोर सांगा. मी येते."

शनिवारी सिनेगॉगमध्ये सकाळच्या प्रार्थनेनंतर काकांनी सांगितलं. अगदी गहिवरून. उल्का उठली.

"कागद एकच आहे. एलिझरचा मुलगा तुमचा असेल तर माझं बाळही तुमचं. नसेल, तर दोघांनाही काढा. आत्ता, माझ्यासमोर."

झुइडासमधल्या बँकांचे हिशेब तपासणारे, आइंडहोव्हनमध्ये संगणकाच्या चिप्स बनवणारे हुशार पुरुष प्रार्थनेच्या पुस्तकात पान शोधू लागले. नथानलाही सापडेना.

बायकांमधून एलिझरची दुसरी बायको रिबेका मुलाला कडेवर घेऊन उठली.

"रिबेका, बस खाली!" एलिझर ओरडला.

"बसतेच आहे," ती म्हणाली, आणि उल्काशेजारी जाऊन बसली.

काकांनी घसा खाकरला आणि पुढची प्रार्थना सुरू केली. दयेची होती. सगळ्यांनी मोठ्याने म्हटली.