नकारार्थी करा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. सुताराने चार फळ्या जोडून मला घडवलं आणि रंगाऱ्याने काळ्या रंगाचे तीन हात दिले. एकवीस वर्षं मी इंग्रजीच्या शिकवणीत भिंतीवर होतो. ओलं फडकं फिरवलं की मी नवाकोरा दिसतो, असं सगळे म्हणत. मला बरं वाटे.

आमच्या बाई वाक्यं पुस्तकातून घेत नसत. "आपापल्या घरातलं सांगा, म्हणजे डोक्यात बसेल," म्हणत. मूल वाक्य सांगे, बाई लिहीत, आणि तेच मूल पुढे येऊन डज नॉट घालून ते खाली पुन्हा लिही.

अडचण एवढीच, की माझ्यावर नकारार्थी केलेलं खरं होई. का, ते मला विचारू नका. मी फळा आहे.

'पंखा फिरतो' नकारार्थी झालं आणि पंखा थांबला. वायरमन म्हणाला, "बिघाड काही नाही. त्याची इच्छाच नाही." एका मुलाने 'आजी झोपते' हे वाक्य नुसतं प्रश्नार्थी केलं. तेव्हापासून आजी रोज सकाळी विचारते, "मी झोपले होते का रे?" दोन वेण्यांच्या मुलीचा कुत्रा भुंकायचा थांबला. आता तो फक्त बघतो.

बाई खूश होत्या. व्याकरण पक्कं होत होतं.

मग एके दिवशी त्याच मुलीचे वडील दोन वर्षांनी बोटीवरून घरी परतले. आनंदाच्या भरात ती बोलून गेली, "माय फादर लिव्ज विथ अस."

"छान! ये, नकारार्थी कर."

तिचा चेहरा उतरला. "बाई, दुसरं वाक्य घेऊ?"

"का? सोपं तर आहे."

"बाई, आमचा कुत्रा..."

"कुत्र्याचं नंतर. लिही."

"लिही गं," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाबा काय पळून जाणारेत?" वर्ग खिदळला.

तिने 'माय फादर' लिहिलं. 'डज' लिहिलं. मी आयुष्यात स्वतःहून काही केलं नव्हतं. त्या दिवशी मी रंग सोडला. 'डज' खाली पडलं. तिने 'नॉट' लिहायला घेतलं, तेही पापुद्र्यासकट गळालं. मग वरपासून खालपर्यंत जवळजवळ सगळाच सुटलो. आतली लाकडं उघडी पडली.

"फळ्याची वाट लागली," बाई म्हणाल्या.

आता मी बाहेरच्या बोळात उभा आहे. संध्याकाळी तिचे वडील तिला न्यायला येतात आणि मला टेकून थांबतात. मित्रांनो, जुन्या फळ्यांना जपा. माझ्या खालच्या कोपऱ्यात वीतभर काळा रंग अजून शिल्लक आहे. कृपा करून तिथे काही लिहू नका.