बायकोच्या रिपोर्टाचे पेढे

सत्त्याण्णव साली परराज्यातल्या पर्वत पाटियाच्या कापड-कामगारांच्या चाळीत एड्सच्या तपासणीची गाडी आली, तेव्हा पुरुषांपैकी कोणी तिकडे फिरकलं नाही. "आपण खानदेशातली घरंदाज माणसं," चाळीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष विठ्ठलआप्पा म्हणाले. घरंदाज माणसं पगाराच्या दिवशी हायवेवर कामरेजच्या धाब्यांमागे कशाला जातात, हे त्यांना कोणी विचारलं नाही. आप्पा स्वतःही तिथेच भेटत.

गाडी रिकामी जायला नको म्हणून बायकांना पुढे केलं. लूमवर काम करणाऱ्या सुकदेवच्या बायकोने, पुष्पाबाईने, रक्त दिलं आणि आठवड्याने सरकारी दवाखान्यातून रिपोर्ट आणला. काही निघालं नव्हतं.

सुकदेवने चाळभर पेढे वाटले. "बायकोला नाही, म्हणजे मला असेलच कसा?" कारखान्यातल्या मंडळींना हे शास्त्र फारच पटलं. घरोघरच्या बायकांनी सुया टोचून घेतल्या आणि नवरे शुद्ध झाले.

दवाखान्यातल्या सिस्टरने मात्र पुष्पाबाईला समजावलं होतं, की नवऱ्याला असून बायकोला अजून लागलेला नाही, असंही होतं. पुष्पाबाईने सुकदेवचं अंथरूण बाहेर गॅलरीत टाकलं.

"हाऊ रिपोर्ट मना शे," ती म्हणाली. "तुमना लई या." त्याने स्वतःचा आणेपर्यंत अंथरूण बाहेरच राहणार होतं.

सुकदेवने तिला माहेरी धाडायची धमकी दिली. ती पिशवी भरायला लागली, तशी धमकी मागे घेतली. शेवटी डासांनी फोडून काढल्यावर तो रक्त देऊन आला. रिपोर्ट आणायला मात्र गेलाच नाही.

मंडळाला तेवढंही पुष्कळ होतं. गणपतीत आप्पांनी त्याला "चाळीतला पहिला धाडसी पुरुष" म्हणून शाल-नारळ दिला. सुकदेव माइकवर संयमाचं महत्त्व सांगू लागला. टाळ्या थांबल्या आणि बायकांमधून पुष्पाबाईने शांतपणे विचारलं, "रिपोर्ट काय उना?"

माइक चालूच होता. सुकदेवचा श्वास सगळ्यांना ऐकू आला. आप्पांनी घाईघाईने आरती सुरू केली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नाव पुकारलं तेव्हा त्याला बाकावरून उठवेना. तिने हाताला धरून उठवलं.

"काही निघालेलं नाही," सिस्टर म्हणाली. "पण नुकताच लागला असेल तर इतक्यात दिसत नाही. तीन महिन्यांनी परत या. तोवर हे वापरायचं." तिने निरोधची पाकिटं पुढे केली. सुकदेव भिंतीकडे बघत राहिला. पुष्पाबाईने ती घेतली.

बाहेर आल्यावर सुकदेवचे डोळे भरून आले. "फार घाबरलो होतो गं," तो म्हणाला.

"मी बी आठ दिन घाबरेल व्हतू," ती म्हणाली. "तुम्हीन इचारं व्हतं का?"

तिने पाकिटं त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबली आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे निघाली.