तालमीतला पेशंट

परदेशी लष्कराने दवाखान्याला श्वासाचं यंत्र भेट दिलं. फीत कापली, हारतुरे झाले, फोटो निघाले आणि यंत्र कुलपात गेलं. ते फक्त आपत्तीसाठी होतं. पूर आला तर आपत्ती, भूकंप झाला तर आपत्ती. वॉर्डात एखादा म्हातारा गुदमरत असेल, तर ते त्याचं नशीब. वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढायचं नाही, अशी मोठ्या डॉक्टरांची सक्त ताकीद होती. पाहुणे पुन्हा आले की वस्तू कोरी दिसायला नको का?

वॉर्डातल्या सिस्टरने हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. पण आज सकाळी तिच्या सासूबाई धापा टाकू लागल्या. सासूबाईंचं दुखणं म्हणजे घरचा नेहमीचा प्रयोग. सून ड्यूटीला निघाली की कळ, लेक माहेरी आली की ठणठणीत. "पुरे झालं नाटक, आई," असं म्हणून तिने मागे पाहिलं, तर त्यांचे ओठ निळे पडलेले. तिने त्यांना तशीच रिक्षात घालून दवाखान्यात आणलं.

वॉर्डात ऑक्सिजन लावला, पण तेवढ्याने भागेना. ती मोठ्या डॉक्टरांकडे धावली.

"सर, ते नवं यंत्र द्या. माझ्या सासूबाई आहेत हो!"

"पण सिस्टर, आपत्ती कुठे आहे?"

"माझ्या घरात."

"तसं चालत नाही. आणि आत्ता परदेशी अधिकारी तालीम बघायला येतायत. यंत्र तिथे लागणार आहे."

तालीम म्हणजे खोटा भूकंप आणि कपाळाला लाल रंग फासलेले खोटे जखमी. त्यासाठी ऑफिसातले कारकून धरून आणले होते. खऱ्या पेशंटांचा असल्या कामात काय भरवसा? सिस्टरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

शिट्टी वाजली. स्ट्रेचरवरून यायचा होता हेडक्लार्क, आल्या सासूबाई, कपाळाला लाल रंग लावून. सिस्टरने टराटरा प्लॅस्टिक फाडलं, मास्क चढवला, यंत्र सुरू केलं.

"साहेब म्हणतात, बाईंचा अभिनय अगदी खरा वाटतो," परदेशी अधिकाऱ्यांच्या दुभाष्याने सांगितलं. मोठे डॉक्टर काय ते समजले.

तालीम संपल्याची शिट्टी झाली. बाकीचे जखमी कपाळं पुसत चहाला गेले. सासूबाई उठेनात.

"काढा तो मास्क," डॉक्टर दातओठ खात पुटपुटले.

"तुम्हीच काढा, सर. सगळ्यांसमोर."

डॉक्टरांनी हात पुढे केला. कॅमेरे वळले. परदेशी अधिकारी कौतुकाने बघत होते. हात मुकाट्याने मागे आला.

"तालीम उद्याही चालू राहील!" डॉक्टरांनी जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

हळूहळू ओठांचा निळेपणा उतरला. सासूबाईंनी डोळे उघडले आणि मास्क जरासा सरकवला.

"बघ सूनबाई, माझं नाटक बघायला परदेशातून माणसं आली. तू मात्र कधी टाळी वाजवली नाहीस."

"आधी तो मास्क लावा!" ती ओरडली आणि तिथेच ढसाढसा रडायला लागली.

दुभाष्या लगबगीने पुढे आला. "साहेब म्हणतात, तुमचंही काम छान झालं."